तीन महिन्यांचं इंजेक्शन, हार्मोनच्या गोळ्या आणि मेंदूच्या आवरणावरची गाठ

ओवी

ताईचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले. परवा ती तिच्या घरी गेली, म्हणून आज शांतपणे लिहायला बसलेय. लांबेल, पण वाचा.

ताई ४६ वर्षांची. इचलकरंजीत घरीच ब्लाउज शिवते. गेल्या दिवाळीआधी, ऐन घाईच्या दिवसांत, सुईत दोरा ओवायला तिला वेळ लागायला लागला. चाळिशी झाली म्हणून चष्मा केला. चार महिन्यांत नंबर बदलला, पुन्हा बदलला. तिसऱ्यांदा चष्म्याच्या दुकानात कुणीतरी सांगितलं, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झाला असेल, पिकू दे. डोकं फारसं दुखत नव्हतं. उलटी नाही, चक्कर नाही.

मे महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. एका गिऱ्हाइकाच्या लाल ब्लाउजला हुक लावता लावता ती म्हणाली, "अगं, डावा डोळा मिटला की हा लाल दोरा मातकट दिसतो." मी तिच्या हातातलं रीळ घेतलं, एक डोळा झाकून बघितलं, दुसरा झाकून बघितलं. मला दोन्हीकडून लालच दिसत होतं. दुसऱ्याच दिवशी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाहुली मोठी करून आत बघितलं आणि म्हणाले, मोतीबिंदू वगैरे काही नाही, मागची नस फिकी पडलीय, आजच एमआरआय करा.

मेंदूच्या तळाशी, पिट्यूटरी ग्रंथी जिथे खोगिरासारख्या हाडात बसलेली असते त्याच्या अगदी पुढे, अडीच सेंटिमीटरची गाठ. मेनिन्जिओमा. म्हणजे मेंदूतली नव्हे, मेंदूभोवतीच्या आवरणातून वाढलेली. तिनेच डोळ्याची नस दाबून धरली होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जननी विचारलं, "पाळीसाठी, मूल राहू नये म्हणून, कशासाठीही हार्मोनचं काही घेतलंय का? नाव काय, किती वर्षं?" ताई म्हणाली, "धाकटा शाळेत जायला लागला तेव्हापासून तीन महिन्यांचं इंजेक्शन घ्यायचे." कुठलं? माहीत नाही. किती वर्षं? चारेक असतील. भाऊजींना तर तिने असं काही घेतल्याचाच पत्ता नव्हता. सासूबाईंना कळू नये म्हणून तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या रात्री भाचीने फोनवरून घर धुंडाळलं म्हणा ना. मशीनच्या खणात, बटणांच्या डब्याखाली कार्ड सापडलं. इंजेक्शन दिल्याची तारीख, पुढची तारीख, सही. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन १५० मिलिग्रॅम. मी मोजली, १९ होती.

सर्जन स्पष्ट बोलले. एका विशिष्ट बाईची गाठ या इंजेक्शनमुळेच झाली, असं कुणीही सांगू शकत नाही. आयुष्यात हार्मोनची एक गोळी न घेतलेल्या कितीतरी बायकांना हीच गाठ होते. पण यापुढे हे इंजेक्शन घ्यायचं नाही, आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी हे सांगायचं.

मग मी वाचायला लागले. मार्च २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये फ्रान्समधला मोठा अभ्यास आला. २००९ ते २०१८ या काळात तिथे मेनिन्जिओमाचं ऑपरेशन झालेल्या १८,०६१ बायका घेतल्या, प्रत्येकीमागे त्याच वयाच्या, त्याच भागातल्या पाच बायका घेतल्या, आणि कुणी कुठलं प्रोजेस्टेरॉनसारखं (म्हणजे बायकांच्या शरीरातल्या त्या हार्मोनसारखं) औषध घेतलं होतं ते विम्याच्या नोंदींतून काढलं. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन घेतलेल्यांत धोका साधारण साडेपाचपट दिसला. मेड्रोजेस्टोन नावाच्या औषधात साडेतीनपट, प्रोमेजेस्टोनमध्ये दुपटीहून थोडा जास्त. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन, डायड्रोजेस्टेरॉन आणि हार्मोनची तांबी यांत वाढ दिसली नाही.

या शेवटच्या वाक्यासाठी मी हा धागा काढलाय. आपण बायका सर्रास म्हणतो, "मी हार्मोनच्या गोळ्या घेतल्या होत्या." "हार्मोन" या नावाचं औषध दुकानात मिळत नाही. प्रत्येकाला स्वतःचं नाव असतं, मात्रा असते, आणि एकाचा धोका दुसऱ्याला लागू होत नाही. ताईला नाव सांगता आलं नाही. माझ्या ओळखीतल्या दहा जणींना विचारलं, आठ जणींना सांगता आलं नाही.

कुणाला अनुभव असेल, कुणाला यातलं कळत असेल, तर लिहा.


रानजाई

ओवीताई, वाचून पोटात गोळा आला. ताईंची नजर परत आली का? मी स्वतः दोन वर्षं हेच इंजेक्शन घेतेय. पुढची तारीख याच महिन्यात आहे. साडेपाचपट म्हणजे काय हो? मला होणारच का आता?


पाणंद

रानजाई, आधी श्वास घ्या. मी तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पंचवीस वर्षं. हा अभ्यास मी मुळातून वाचलाय.

साडेपाचपट हा आकडा आला कुठून ते बघा. ऑपरेशन झालेल्या १८,०६१ बायकांपैकी हे इंजेक्शन घेतलेल्या होत्या ९. आणि ज्यांना गाठ नव्हती अशा ९०,३०५ बायकांपैकी ११. फ्रान्समध्ये हे इंजेक्शन फार कमी वापरतात, म्हणून आकडे इतके लहान. नऊ आणि अकरा यांवरून काढलेला "साडेपाचपट" हा खरा इशारा आहे, मी तो हलक्यात घेत नाही, पण तो दगडावर कोरलेला आकडा नाही. मुळात ही गाठ वर्षाला लाख बायकांत काही जणींनाच होते. थोड्याची पाचपट केली तरी थोडंच राहतं. तुम्हाला "होणारच" असं अजिबात नाही.

काय करायचं ते सांगते. या महिन्याची तारीख आहे ना, तेव्हा देणाऱ्या डॉक्टरांशी किंवा सिस्टरशी बोला. डोळ्याला कमी दिसणं, सतत वाढत जाणारी डोकेदुखी, वास न येणं, आकडी, एका बाजूच्या हातापायात जोर नसणं, यातलं काही असेल तर इंजेक्शनआधी तपासणी. काही नसेल आणि तुम्हाला बदलायचं असेल तर बदला, पण दुसरं साधन हातात आल्यावर. मध्ये रिकामा महिना जाऊ देऊ नका.

युरोपच्या औषध नियामकांनी २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आणि ब्रिटनने त्यानंतर लगेच सूचना काढली: ज्यांना मेनिन्जिओमा आहे किंवा पूर्वी होऊन गेलाय, त्यांना मूल लांबवण्यासाठी हे इंजेक्शन द्यायचं नाही, आणि चालू असताना गाठ सापडली तर बंद करायचं. सगळ्या बायकांनी ते टाकून द्यावं, असं त्यात कुठेही नाही.


सिस्टर_सातारकर

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका आहे. "अंतरा"ची, म्हणजे याच औषधाची सरकारी इंजेक्शनं माझ्या हातून कित्येक दिली जातात. २०१७ पासून सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळायला लागली. ओवीताईंचं दुःख खरं आहे, पण हा धागा वाचून माझ्या मनात जे आलं ते लिहिलं नाही तर झोप लागणार नाही.

माझ्याकडे ज्या येतात त्यांतल्या निम्म्या नवऱ्याला न सांगता येतात. गोळ्यांचं पाकीट घरात सापडतं, तांबीला घरचे घाबरवतात, ऑपरेशनला सासू नाही म्हणते. इंजेक्शन दंडात घेतलं की विषय संपला, तीन महिने कुणाला काही कळत नाही. त्यांच्यातल्या कितीतरी जणींचं हिमोग्लोबिन आठ-नऊ असतं. एकीचं पहिलं बाळ अजून चालत नव्हतं आणि दुसरं पोटात आठ महिन्यांचं होतं. तिला मी कुठल्या तोंडाने सांगू की लाखात एखादीला डोक्यात गाठ होते? ती उद्यापासून येणार नाही, आणि पुढच्या वर्षी बाळंतपणात रक्तस्राव होऊन माझ्यासमोर असेल. पाळणा लांबवायला तिच्या हातात हेच एक साधन आहे.


ओवी

सिस्टर, तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. ताईपण अशीच होती, घरात कुणाला न सांगता घेणारी. इंजेक्शन नसतं तर तिची दोनाची चार झाली असती, हे तीच म्हणते. ती आजही कुणावर चिडलेली नाही.

मला इंजेक्शन बंद पडावं असं वाटत नाही. मला एवढंच वाटतं की तिने दर तीन महिन्यांनी जेव्हा दंड पुढे केला, तेव्हा कुणीतरी एकदा विचारायला हवं होतं, "डोळ्याला बरं दिसतं ना?" आणि नाव तिला पाठ करून द्यायला हवं होतं. एकोणीस वेळा ती संधी होती.

रानजाई, नजर पूर्ण नाही आली. उजव्या डोळ्याने आता तक्त्यावरच्या वरच्या चार ओळी दिसतात, आधी एकच दिसायची. डावा वाचला. नस किती दिवस दबलेली होती यावर सगळं अवलंबून, असं म्हणाले.


घाटमाथा

माझ्यासारख्या पुरुषाने इथे लिहावं का कळत नाही, पण आईला २०१९ मध्ये मेनिन्जिओमा झाला होता. आईने कधी कसलीही हार्मोनची गोळी घेतली नव्हती. तिचं वय ६८. मला नेहमी प्रश्न पडायचा की वॉर्डात त्या गाठीच्या सगळ्या बायकाच का? आठ खाटांत पुरुष एक होता.


पाणंद

घाटमाथा, लिहा की. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. कवटीच्या पोकळीत सुरू होणाऱ्या गाठींत मेनिन्जिओमा सगळ्यात जास्त आढळणारी, आणि ती पुरुषांपेक्षा बायकांत दुपटीहून जास्त. पाठीच्या कण्यात होणाऱ्या मेनिन्जिओमात तर बायकांचं प्रमाण आणखी जास्त. उलट ग्लायोमा, म्हणजे मेंदूच्या आतल्या पेशींची, बहुतेकदा घातक गाठ, ती पुरुषांत जास्त. एकाच कवटीत दोन गाठी, आणि कल उलटे.

हार्मोनवर संशय यायला जुनं कारण आहे. १९२२ मध्ये ज्यांनी "मेनिन्जिओमा" हे नावच दिलं ते अमेरिकन सर्जन हार्वी कुशिंग आणि त्यांच्या सहकारी लुईस आयझेनहार्ट यांनी १९२९ मध्ये लिहून ठेवलंय की गरोदरपणात काही जणींची नजर कमी होते आणि बाळंत झाल्यावर सुधारते. ओवीताई, त्या गाठी तुमच्या ताईंच्याच जागेच्या होत्या, खोगिराच्या पुढच्या.

नंतर कळलं की बहुतेक मेनिन्जिओमांच्या पेशींवर प्रोजेस्टेरॉनला पकडणारे रिसेप्टर असतात. ताईंच्या गाठीच्या रिपोर्टमध्ये "पीआर पॉझिटिव्ह", म्हणजे हे रिसेप्टर असलेली, असं काही आहे का बघा.

तुमच्या आईसारख्या, बाहेरून काही न घेतलेल्या बायकाच या आजारात बहुसंख्य आहेत. वय वाढतं तसं ही गाठ होण्याचं प्रमाण वाढतं. लहानपणी डोक्याला क्ष-किरणांची मोठी मात्रा मिळालेली असली तरी होते. इस्रायलमध्ये १९५० च्या सुमारास डोक्यावरच्या गजकर्णासाठी दहा हजारांहून जास्त मुलांना असे किरण दिले होते. त्या मुलांना मोठेपणी ही गाठ कितीतरी जास्त झाली. एनएफ-२ नावाच्या जनुकातल्या बिघाडानेही होते. सगळं खापर हार्मोनवर फुटत नाही.


ओवी

हो! "ग्रेड १, पीआर पॉझिटिव्ह" असंच आहे. मला वाटलं पॉझिटिव्ह म्हणजे काहीतरी वाईट निघालं. तो कागद हातात घेऊन मी रुग्णालयाच्या जिन्यात रडले होते. ग्रेड १ म्हणजे साधी गाठ हे दुसऱ्या दिवशी राउंडला कळलं.


तगर

पाणंद मॅडम, मग प्रोजेस्टेरॉन अडवणारं औषध देऊन गाठ विरघळवता येत नाही का? डोकं उघडण्यापेक्षा बरं.


पाणंद

तगर, हा विचार सगळ्यांना सुचला आणि करूनही बघितला. मिफेप्रिस्टोन, म्हणजे आपल्याकडे गर्भपातासाठी वापरतात ती गोळी, प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टरच अडवते. अमेरिकेत ऑपरेशन शक्य नसलेल्या १६४ रुग्णांवर रोज देऊन चाचणी केली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना खोटी गोळी. २०१५ मध्ये निकाल छापून आला: काही फरक पडला नाही. म्हणून सांगते, "रिसेप्टर आहे म्हणजे किल्ली सापडली" इतकं हे सोपं नाही.

एका औषधाच्या बाबतीत मात्र उलटा पुरावा मिळालाय, आणि तो फार ठोस आहे. सायप्रोटेरॉन.


आषाढसरी

सायप्रोटेरॉन?! माझ्या मुलीला पीसीओडीसाठी जी गोळी दिलीय त्यावर हेच लिहिलंय. आता उठून कपाटातलं पाकीट बघितलं. सायप्रोटेरॉन ॲसिटेट २ मिलिग्रॅम आणि इथिनाइल इस्ट्राडायोल ०.०३५ मिलिग्रॅम. ती १९ वर्षांची आहे. हनुवटीवर केस येतात, पाळी तीन-तीन महिने येत नाही. आठ महिने झाले चालू करून. बंद करू का आज?


पाणंद

आषाढसरी, नाही, आज बंद करू नका. आणि पाकीट काढून नाव वाचलंत हे फार चांगलं केलंत. आता गणित करू.

फ्रान्समध्ये बायकांच्या अंगावरच्या जास्तीच्या केसांसाठी सायप्रोटेरॉन ५० मिलिग्रॅमची गोळी वर्षानुवर्षं दिली जायची. २००८ मध्ये तिथले न्यूरोसर्जन सेबास्तियां फ्रोलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलं की ही गोळी दीर्घकाळ घेतलेल्या बायका आमच्याकडे एकाहून जास्त मेनिन्जिओमा घेऊन येतायत. मग सरकारी विम्याच्या नोंदी तपासल्या. सुमारे अडीच लाख बायकांचा अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. सहा महिन्यांत ३ ग्रॅम किंवा जास्त सायप्रोटेरॉन पोटात गेलेल्यांत वर्षाला लाखामागे २३.८ जणींना गाठीसाठी ऑपरेशन किंवा किरण लागले. ज्यांनी अगदी थोडं घेऊन सोडलं त्यांच्यात ४.५. एकूण ६० ग्रॅमच्या वर गेलेल्यांत धोका वीसपटीहून जास्त. मात्रेबरोबर धोका चढत जातो, आणि औषध बंद केल्यावर बऱ्याच जणींच्या गाठी वाढायच्या थांबल्या, काहींच्या आकसल्या. कारण आणि परिणाम इतका स्वच्छ फार क्वचित दिसतो. युरोपने २०२० मध्येच दिवसाला १० मिलिग्रॅम आणि त्यावरच्या मात्रेवर कडक बंधनं घातली.

आता तुमच्या मुलीचं. २ मिलिग्रॅम, महिन्याला २१ गोळ्या, वर्षाला साधारण १३ पाकिटं. गुणाकार करा: ५४६ मिलिग्रॅम. म्हणजे वर्षाला जेमतेम अर्धा ग्रॅम. त्या फ्रेंच बायका ५० मिलिग्रॅमची गोळी महिन्याला २० दिवस घ्यायच्या, म्हणजे महिन्यालाच १ ग्रॅम. तुमच्या मुलीच्या आठ महिन्यांत जेवढं गेलं तेवढं त्यांच्या सात-आठ गोळ्यांतच जात होतं. या कमी मात्रेच्या गोळीत गाठीचा धोका दिसल्याचा पुरावा नाही. तरीसुद्धा युरोपात नियम आहे: मेनिन्जिओमा आहे किंवा होऊन गेलाय अशा कुणालाही ही कमी मात्रेची गोळीही द्यायची नाही, कारण हे साठत जाणारं प्रकरण असू शकतं.

मला वाटतं प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे ही गोळी कॉलेजच्या मुलींना मुरुमांसाठी दिली जाते आणि पुढे पाच-पाच वर्षं कुणी विचारत नाही, अजून कशासाठी चालू आहे? दुकानातून जुन्या चिठ्ठीवर मिळत राहते. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गाठीहून जास्त जवळचा आहे तिच्यात. तुमच्या डॉक्टरांकडे जा, वर्ष पूर्ण होताना पुढचं ठरवा. वजन, व्यायाम, साखर, हेही बघा.


आषाढसरी

मॅडम, मनापासून धन्यवाद. हात थरथरत होते लिहिताना. पुढच्या शनिवारची वेळ घेतलीय.


टेम्सकाठ

मी लीड्सला असते, मूळची नाशिकची. माझा प्रश्न डेसोजेस्ट्रेलबद्दल. इथे २०२१ पासून ती मूल लांबवायची, इस्ट्रोजेन नसलेली मिनी-गोळी फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळते. मी सहा वर्षं घेतेय, कारण मला ऑरावाली (दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकणारी) अर्धशिशी आहे आणि इस्ट्रोजेनची गोळी चालत नाही. २०२५ मध्ये बातमी आली की हिच्यातही ब्रेन ट्यूमर. आईने तिकडून फोन करून रडून घेतलं. माझ्या जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, पाच मिनिटांत समजावलं, पण इथे सगळ्यांसाठी कुणी नीट लिहील का?


पाणंद

टेम्सकाठ, तो फ्रेंच गटाचाच पुढचा अभ्यास. डेसोजेस्ट्रेल सलग पाच वर्षांहून जास्त घेतलेल्यांत थोडी वाढ दिसली. पाच वर्षांच्या आत नाही. बंद करून वर्ष उलटलं की ती वाढही दिसत नव्हती. त्यांच्या हिशेबाने सुमारे ६७ हजार बायकांनी ही गोळी घेतली तर त्यामागे एक जास्तीचं ऑपरेशन. लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या गोळीत वाढ दिसली नाही, एकटी असो की इस्ट्रोजेनबरोबर. तुम्हाला सहा वर्षं झालीत तर पुढच्या भेटीत बदलाबद्दल विचारा, घाई नाही. अर्धशिशीत ऑरा असताना इस्ट्रोजेन घेऊन पक्षाघाताचा धोका ओढवून घेण्यापेक्षा तुमची निवड आजही योग्य आहे. आईंना हे वाचून दाखवा.

एक लक्षात ठेवा: अर्धशिशी असलेल्या बाईची नवी डोकेदुखी "नेहमीचीच" म्हणून सोडून दिली जाते. दुखण्याची तऱ्हा बदलली, पहाटे जाग येऊन दुखायला लागलं, खोकल्यावर वाढायला लागलं, तर ती नेहमीची नव्हे.


रानजाई

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचं काय? आमच्याकडे गौरी-गणपती, लग्न, वारी, काही असलं की घरातल्या सगळ्या बायका मेडिकलमधून आणतात. मी आजवर पंधरा-वीस वेळा तरी घेतल्या असतील.


पाणंद

ती नॉरएथिस्टेरॉन. २०२४ च्या त्या फ्रेंच यादीत ती नव्हती. पण त्या अभ्यासात धोका वाढलेला दिसला तो मुख्यतः वर्षभर किंवा जास्त घेतल्यावर, वर्षातून एकदा सात दिवस घेतल्यावर नव्हे. गाठीच्या भीतीने त्या गोळीकडे बघायची गरज मला वाटत नाही. पायात गुठळी झालेली, यकृताचा त्रास असलेली, किंवा आपण गरोदर आहोत हे ठाऊक नसलेली बाई दुकानातून आणून घेते, त्याची मला खरी काळजी वाटते. आणि देवाला पाळीचं वावडं नसतं, असं मी माझ्या ओपीडीत रोज सांगते. ऐकतात थोड्या.

डायड्रोजेस्टेरॉनबद्दलही कुणी विचारेलच, गरोदरपणात ती सर्रास देतात. त्यात वाढ दिसली नाही. एंडोमेट्रिओसिससाठी डायनोजेस्ट वर्षानुवर्षं घेणाऱ्या बायका आपल्याकडे खूप आहेत. त्या अभ्यासात ती घेणाऱ्या इतक्या थोड्या होत्या की कुठल्याच बाजूने निष्कर्ष निघाला नाही. "धोका नाही" आणि "मोजता आलं नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.


निर्मोही_सांज

मी ५२ वर्षांची. पाळी गेल्यावर घामाने, झोप न लागल्याने जीव नकोसा झाला म्हणून हार्मोन सुरू केले. दीड वर्षात माणसात आले. गर्भाशय आधीच काढलंय, त्यामुळे फक्त इस्ट्रोजेनचं जेल. कृपा करून हेही बंद करायला सांगू नका.


पाणंद

नाही सांगत. ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत पाळी गेल्यानंतर हार्मोन घेणाऱ्यांत मेनिन्जिओमा थोडा जास्त दिसला, आणि विशेषतः फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत. पण ती वाढ सायप्रोटेरॉनसारखी नाही, किंचित आहे. तुम्हाला पूर्वी ही गाठ झालेली नाही, त्रास खरा आहे, फायदा खरा आहे. वर्षातून एकदा डॉक्टरांबरोबर बसून पुन्हा ठरवायचं, बस.


गोदातीर

माझं थोडं वेगळं आहे, पण याच घराण्यातलं. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा पाळी थांबली आणि छातीतून दूध यायला लागलं. सासरी आनंदीआनंद, दिवस गेले म्हणून. चाचणी निगेटिव्ह. एका ठिकाणी चार महिने पाळी आणायच्या गोळ्याच देत राहिले. गोळी घेतली की अंगावरून जायचं, थांबवली की पुन्हा बंद. शेवटी एका नव्या डॉक्टर मुलीने रक्तातलं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, बघायला सांगितलं. दोनशेच्या वर. पिट्यूटरीत ८ मिलिमीटरची गाठ, प्रोलॅक्टिनोमा.

ऑपरेशन लागलं नाही. कॅबरगोलिनची अर्धी गोळी आठवड्यातून दोनदा, रात्री जेवल्यावर, नाहीतर मळमळ व्हायची. तिसऱ्या महिन्यात पाळी आपली आपण आली. त्या सकाळी मी बाथरूममध्ये खाली बसून रडले, आनंदाने. आता मुलगी चार वर्षांची आहे. गरोदरपणात गोळी बंद ठेवली होती, पण दर महिन्याला विचारायचे, डोकं दुखतं का, चालताना बाजूच्या गोष्टींना धडकता का.

पाळी बंद आणि दूध, हे दोन्ही एकत्र असेल तर प्रोलॅक्टिन तपासून घ्या बायांनो. नुसत्या पाळी आणायच्या गोळ्या घेत बसू नका.


पाणंद

गोदातीर, हे लिहिलंत ते फार बरं झालं. यात हार्मोनची गोष्ट दोन्ही दिशांनी चालते. गाठ स्वतःच हार्मोन सोडते, आणि इस्ट्रोजेनने त्या पेशी फुगतात, म्हणून गरोदरपणात लक्ष ठेवायचं. "धडकता का" विचारतात कारण पिट्यूटरीची गाठ मोठी झाली की डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दाबते, आणि दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूचं दिसणं जातं. समोरचं नीट दिसत असतं, म्हणून बाईला कळत नाही. दाराची चौकट खांद्याला लागते, शेजारून आलेली रिक्षा दिसत नाही.


सिस्टर_सातारकर

काल आमची मासिक सभा होती. मी वैद्यकीय अधिकारी मॅडमना हा धागा दाखवला. त्या म्हणाल्या, सल्ला देताना आपण अंगावरून जास्त जाणं, पाळी थांबणं, हाडं, वजन, सगळं सांगतो, त्यात दोन वाक्यं वाढवायला काय जातं.

आज सहा जणी आल्या. प्रत्येकीला विचारलं, डोळ्याला कसं दिसतं, डोकं दुखतं का, पूर्वी डोक्याची गाठ झालीय का. पाच जणी नाही म्हणाल्या आणि दंड पुढे केला. एकही परत गेली नाही. मला वाटत होतं तशा घाबरल्या नाहीत, हे मी इथे कबूल करते. सहावी म्हणाली, सिस्टर, मला तीन वर्षं झालीत, दुसरं काय आहे? तिला छाया सांगितली. ती आठवड्याची गोळी, लखनौच्या सरकारी संस्थेत शोधलेली, तिच्यात प्रोजेस्टेरॉनसारखं काही नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. तांबीचंही सांगितलं. तिने छाया नेली, पाकीट बाळाच्या दुपट्यात गुंडाळून.

कार्डावर औषधाचं नाव छापलेलं असतंच. आता मी ते बोट ठेवून वाचून दाखवते आणि त्यांच्याकडून म्हणवून घेते. मेड्रॉक्सी म्हणता म्हणता जीभ अडखळते, सगळ्या हसतात.


रानजाई

मी जाऊन आले. आणखी एक इंजेक्शन घेतलं, आणि तीन महिन्यांनी तांबी बसवायचं ठरलं. डोळ्यांची तपासणीही केली, नस ठीक आहे म्हणाले.


ओवी

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. सिस्टर, तुमची पोस्ट ताईला फोनवर वाचून दाखवली. ती गप्प राहिली, मग म्हणाली, "दुपट्यात होय?"

तिचा पहिला एमआरआय तीन महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. नसेला चिकटलेला अगदी थोडा भाग मुद्दाम ठेवलाय, सोडवायला गेलं असतं तर उरलीसुरली नजर गेली असती. वाढला तर किरणांचा विचार करू म्हणाले. कार्डाचा फोटो काढून आम्ही तो तिच्या, माझ्या, भाचीच्या, तिघींच्या फोनमध्ये ठेवलाय. भाऊजींनी स्वतःच्या फोनमध्येही मागून घेतला.

परवापासून मशीनवर बसतेय. गडद कापडावर गडद दोरा अजून घेत नाही. सुईत दोरा ओवायचं ते तारेचं चपटं ओवणीयंत्र मिळतं ना, दहा रुपयांचं, ते आणून दिलंय.